चित्र पुढे, आवाज मागे

आमच्या दुकानात माझ्या तोंडून एकच वाक्य दिवसभर निघत असतं. "थांबा न, हे अजून कच्चं हाये." समोर बसलेले लोक समजल्यासारखी मान डोलावतात आणि पुढच्याच क्षणी विचारतात, "ते ठीक हाये, पन एवढं धुरकट काहून दिसून राह्यलं?"

पुसदला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं फोटो आणि व्हिडिओचं दुकान आहे. लग्नात जाऊन शूटिंग करतो तो माझा नवरा. त्याने आणलेल्या ढिगातून पाहण्यासारखं काही निवडून, जोडून, वर गाणी-बिणी लावून व्हिडिओ तयार करते ती मी. या कामाला इकडे सगळे मिक्सिंग म्हणतात. नवरा नटूनथटून मांडवात फिरतो, पंगतीत मानाने जेवतो, येताना पानही खाऊन येतो. मी वर्षभर लोकांची लग्नं पाहते आणि एकाही लग्नाचं जेवण माझ्या ताटात पडत नाही. हे मी त्याला दर सीझनला ऐकवते, आणि तो दर सीझनला हसतो.

लग्न उरकून पाहुणे पांगले की घरची मंडळी एकदा दुकानात येऊन बसतात, ही आमच्याकडची रीत. कोणी चिवडा आणतं, कोणी उरलेले लाडू आणतं. मग कच्चा व्हिडिओ लावायचा आणि काय ठेवायचं, काय काढायचं ते त्यांनी सांगायचं. मामा फार वेळा आला, काका एकदाही दिसला नाही, आहेर देताना पाकीट दिसलं पण देणाऱ्याचं तोंड दिसलं नाही, अशा सगळ्या तक्रारी इथेच मिटतात. माझ्या दुकानात जेवढे रुसवे निघालेत तेवढे मांडवात निघत नसतील.

भांडण असतं ते माझं आणि कॉम्प्युटरचं. कॅमेऱ्यातली फाइल जड, आणि आमचं यंत्र म्हाताऱ्या बैलासारखं. ओढतं, पण मधे मधे थांबतं. म्हणून काम करताना प्लेबॅकची क्वालिटी पाव करून ठेवावी लागते. चित्र अंधुक होतं, पण न अडकता चालतं. फुल क्वालिटी लावली की चित्र लख्ख दिसतं आणि धक्के खातं, मधल्या फ्रेम गिळून टाकतं. दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. शेवटी तयार होऊन निघणाऱ्या व्हिडिओत स्वच्छपणाही असतो आणि सलगपणाही, पण तो निघेपर्यंत धीर कोणाला आहे? भात शिजताना झाकण काढून शीत दाबून पाहावं, एवढाच या कच्च्या दाखवण्याचा, म्हणजे प्रिव्ह्यूचा, अर्थ. लोक ते शीतच जेवण समजतात आणि कच्चं वाढलं म्हणून माझ्यावर रागावतात. मग माझाही पारा चढतो. माझा स्वभाव काही फार गोड नाही.

गेल्या उन्हाळ्यात दिग्रस रोडकडच्या एका तांड्यावरचं लग्न आमच्याकडे होतं. बंजारा समाजात मुलगी सासरी निघताना ढावलो म्हणते. ढावलो म्हणजे गाऊन रडणं, किंवा रडत गाणं. एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि त्या त्या माणसाची ओळ म्हणायची. आईची ओळ वेगळी, आत्याची वेगळी, भावजयीची वेगळी. मुलगी या ओळी आधी शिकून घेते, घरातल्या बायकांकडून, संध्याकाळी बसून बसून. आजकाल बऱ्याच मुलींना येत नाहीत. या मुलीला येत होत्या.

माझं स्वतःचं लग्न विहारात झालं. पांढरी साडी, त्रिसरण, पंचशील, मेणबत्त्या, आणि तासाभरात मंडळी जेवायला. निघताना आई एवढंच म्हणाली, "पोचली का फोन करजो." मीही रडले नाही. त्यामुळे ढावलोचं शूटिंग आलं की मी हातातलं काम सोडून ते नुसतं पाहत बसते. एवढं सगळं सगळ्यांसमोर, मोठ्याने, सुरात म्हणता येतं, याचा मला थोडा हेवाच वाटतो.

या लग्नातला ढावलो मात्र कॅमेऱ्यात नव्हता, मोबाईलवर घेतलेला होता. नवरा म्हणतो, कॅमेऱ्याची बॅटरी संपली. मी म्हणते, तो तेव्हा पंगतीत होता आणि वाढणाऱ्याने जिलबी पुढे केली होती. खरं काय ते त्यालाच माहीत. मग कॅमेरा बाजूला ठेवून, भर उन्हात, आपल्या तापलेल्या मोबाईलवर त्याने ते सगळं सलग एका दमात शूट केलं होतं.

बैठकीला दोघी आल्या. एक मुलीची आत्या, ठसठशीत बाई, बोलायला लागली की खोलीतलं दुसरं कोणी बोलत नाही अशी. दुसरी मुलीची आई. आत्यानेच आल्या आल्या सांगून टाकलं, "हे तिची दुसरी आई हाये. पह्यली गेली तवा पोट्टी चार वर्षांची होती. तवापासून हे." आईने पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि भिंतीकडच्या खुर्चीवर टेकली.

हळद झाली, वरात झाली, फेरे झाले. दोघी हसत होत्या, नावं ठेवत होत्या. मग ढावलो आला आणि कॉम्प्युटर अडखळायला लागला. मी सवयीने क्वालिटी पाव केली. चित्र धुरकट झालं पण चालू लागलं. ओढणीत तोंड झाकलेली मुलगी बायकांच्या गर्दीतून आली आणि आईच्या गळ्यात पडली. ऐकू येत होती ती नुसती गर्दी; कोणीतरी "हटा, हटा" म्हणत होतं, लांब डीजे धडधडत होता, बायका हुंदके देत होत्या. मुलीचा आवाज नव्हता. बराच वेळ ती तशीच चूप गळ्यात पडून होती. मग बाजूला झाली आणि आत्याच्या गळ्यात पडली, आणि गाणं सुरू झालं. रडून बसलेला, ताणलेला सूर. मला तिची बोली सगळी कळत नाही, पण "याडी" कळतं. याडी म्हणजे आई.

आत्याने माझा दंड धरला. "पाहा बाई, कोनती ओळ म्हनून राह्यली पाहा! याडी, तुनं मले पोटात ठेवलं, घरात ठेवता नाही आलं का, असं हाये ते. आईची ओळ हाये आईची! मले म्हनली!" तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "तिची माय गेल्यावर दोन-चार महिने म्याच केलं होतं न तिचं. पोट्टीनं याद ठेवलं."

मी विचारलं, "तुम्हाले त्या दिवशी ऐकू नाही आलं का?"

"त्या वक्ती शुद्ध कोनाले असते वो? म्या रडून राह्यली होती, ते रडून राह्यली होती, वरून तो डीजे." आणि तिने मोबाईल काढला, स्क्रीनसमोर धरला आणि आईच्या गळाभेटीपासूनचा तुकडा मला परत लावायला सांगून रेकॉर्ड करून घेतला. मी म्हटलं, "ताई, हे कच्चं हाये, पुढं पाठवू नका." ती म्हणाली, "घरच्याच ग्रुपवर टाकतो." तांड्यावर घरचा ग्रुप म्हणजे अख्खा तांडा.

आईने एकदाही परत लावा म्हटलं नाही. शेंगांची टरफलं गोळा करून ती तिने पिशवीत भरली आणि दोघी गेल्या.

दोन-तीन दिवसांनी ती एकटीच आली. बाजारातून आली होती, पिशवीत कांदे होते. बसा म्हटलं तर दारातच उभी राहिली.

"ताई, एक काम होतं. त्या ढावलोतलं माह्यं तेवढं काढून टाकान का?"

"काहून?"

"काही नाही. पोट्टी चूप उभी दिसते न माह्यापाशी. लोकं पाहतात." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "व्हिडिओ साऱ्यायच्या मोबाईलात गेला. कोनी काही म्हनत नाही म्हना तोंडावर. पन विहिरीवर गेली का बाया चूप होतात."

मी म्हटलं, लेकीलाच फोन करून विचारा की, तेव्हा काय म्हणाली ते. लेक पुण्याकडे गेली होती, नवऱ्याची नोकरी तिकडे. आईने मान हलवली.

"असं विचारत असतेत का? तू मले आई म्हनली का नाही म्हनली, असं? ते म्हनन, म्हनली न याडी. मले बरं वाटावं म्हनून म्हनन. त्याचं काय करू मी?"

ती पुन्हा म्हणाली, "काढून टाका तेवढं. मी नव्हतीच म्हनावं तठी." आणि पायरी उतरून गेली.

काढणं म्हणजे दोन ठिकाणी कापायचं आणि मधलं फेकायचं. चहा निवायच्या आत होणारं काम. पण माझा हात होईना. चौदा-पंधरा वर्षं ज्या बाईने एका मुलीच्या वेण्या घातल्या, तिला त्या मुलीच्या लग्नातून माझ्या हाताने काढायचं, हे मला पटत नव्हतं. मी ठरवलं, कापण्याआधी निदान नीट पाहावं. पाव क्वालिटीच्या धुक्यात मी तरी काय पाहिलं होतं?

फुल क्वालिटी केली. यंत्र धापा टाकू लागलं. एक फ्रेम, मग झटक्याने चौथी, मग दहावी. यंत्राने साठवून ठेवलेला जुना कॅश साफ केला, मागे उघडलेलं सगळं बंद केलं. थोडा फरक पडला, फार नाही. नवरा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं. कॉम्प्युटरले कायले शिव्या देते?" मी म्हटलं, अंगणच वाकडं आहे, तू पंगतीतून वेळेवर उठून कॅमेरा धरला असतास तर सरळ असतं. तो गुपचूप चहा आणायला गेला.

मग क्वालिटी अर्ध्यावर आणून तेवढाच तुकडा रेंडर केला. म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं की बाबा, हा भाग आधी सावकाश शिजवून ठेव आणि मग दाखव. टाइमलाइनवरची, म्हणजे तुकडे जोडायच्या पट्टीवरची, लाल रेघ हिरवी झाली. आता ते न अडकता चालायला हवं होतं, आणि चाललंही. मी पाहत होते. गर्दीच्या कडेला एका म्हातारीच्या हातातून तांब्या निसटला, जमिनीवर पडला, पाणी सांडलं. आवाज नाही. मुलगी आईच्या गळ्यात पडली, हुंदके, "हटा, हटा". आणि मग कितीतरी वेळाने, म्हातारी तांब्या उचलून निघून गेल्यावर, खणखण आवाज आला.

मी खुर्चीत सरळ झाले. कॉम्प्युटर दमला की चित्र मागे राहतं. आवाजाला तो सहसा थांबवत नाही. इथे उलटं होतं. चित्र पुढे गेलं होतं आणि आवाज मागे राहिला होता, रेंडर करूनसुद्धा. म्हणजे दोष माझ्या यंत्राचा नव्हता. दोष त्या मोबाईलच्या फाइलमध्येच होता.

नंतर विचार केला तेव्हा सगळं सरळ होतं. कॅमेरा एका चालीने चित्रं घेतो. मोबाईल आपल्या सोयीने घेतो. तापला की कमी घेतो, सावलीत आला की कमी घेतो, आणि त्या दिवशी तो तव्यासारखा तापलेला होता. सॉफ्टवेअर भोळं, त्याने सगळी चित्रं एकाच चालीची समजून लावून टाकली. चित्रं कमी, म्हणून ती लवकर पुढे सरकली. आवाज मात्र जेवढ्यास तेवढा. सुरुवातीला चुटकीभर फरक होता आणि क्लिप जसजशी पुढे गेली तसतसा तो वाढत गेला. ढावलो येईपर्यंत एका गळाभेटीएवढा झाला होता. आईला म्हटलेली ओळ आत्याच्या गळ्यात जाऊन पडत होती.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. दुसऱ्या एका छोट्या सॉफ्टवेअरमधून ती फाइल एका चालीची करून घेतली. दुपारभर चाललं ते, मधे लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं. शेवटी नवी फाइल टाइमलाइनवर ठेवली. तांब्या पडला आणि तेव्हाच खणखणला. मुलगी आईच्या गळ्यात पडली आणि तेव्हाच तो बसका सूर उठला, याडी. आत्याच्या गळ्यात पडली तेव्हा आत्याची ओळ. मी तेवढ्यासाठी नवऱ्याला माफ केलं आणि त्याने पुन्हा आणलेला चहा प्याले.

मग क्वालिटी फुल केली, तिला दाखवायचं तर लख्ख दाखवावं म्हणून. नवी फाइल पहिलीपेक्षा जड होती, चालायलाच तयार नव्हती. मी बटणाने एकेक फ्रेम पुढे नेली. ओढणी बाजूला सरकली आणि मुलीचं तोंड पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. ओढणीचं टोक तिने दातांत घट्ट धरलं होतं. ओठ मिटलेले. गाणं चालू होतं आणि ती गात नव्हती.

गात होती आई. तिचं तोंड मुलीच्या कानाशी होतं आणि मुलीने आईला म्हणायची ती ओळ ती स्वतःच म्हणत होती.

मी हात काढून घेतला. नको तिथे डोकावल्यासारखं वाटलं. आता तिला काय सांगायचं? आवाज जुळला, बाई, पण तुमच्या लेकीने नाही म्हटलं, तुम्हीच म्हटलं? आधीच्या बिघडलेल्या व्हिडिओत निदान यंत्राला दोष देता येत होता. दुरुस्त झालेल्या व्हिडिओत लेकीचं गप्प राहणं माझ्याच हाताने सिद्ध होत होतं.

माझ्या धंद्यात यावर औषध आहे आणि ते मी रोज वापरते. जिथे चित्र नको तिथे दुसरं चित्र टाकायचं आणि आवाज तसाच चालू ठेवायचा. मी त्या ओळीवर रडणाऱ्या करवल्यांची तोंडं लावली. आता मुलगी आईच्या गळ्यात पडते, सूर उठतो, करवल्या रडतात, आणि परत आलो की मुलगी बाजूला होते आहे. कोणीही म्हणेल, म्हटली लेकीने ओळ. याला खोटेपणा म्हणायचा तर माझा निम्मा धंदा खोटा आहे. मी भांडणं कापते, जांभया कापते, नवऱ्या मुलाचा रागावलेला बाप कापते. मला त्यात वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

तिला निरोप पाठवला. ती आली, यावेळी आत येऊन बसली. आवाज कसा मागे राहिला होता ते मी सांगितलं. ते तिला किती कळलं कोण जाणे, पण तांब्या दाखवल्यावर मात्र कळलं. "म्हनजे ते ओळ..." एवढंच म्हणून ती थांबली. तिने पदराने तोंड पुसलं आणि स्क्रीनच्या अगदी जवळ खुर्ची ओढली.

मी लावलं. मुलगी गळ्यात पडली. याडी. करवल्या रडल्या. मुलगी बाजूला झाली.

मला वाटलं होतं ती रडेल. ती माझ्याकडे पाहत होती.

"ताई, मधात ह्या पोट्ट्या कायले टाकल्या?"

"तिथं चित्र थोडं खराब होतं."

"असू द्या खराब. तेच लावा."

मी दोन-तीन सबबी सांगितल्या. ती वाद घालत नव्हती, नुसती बसून राहिली होती, आणि अशा माणसापुढे माझं काही चालत नाही. मी करवल्या काढल्या. फुल क्वालिटीत, धक्के खात, ते सुरू झालं. दातांत धरलेली ओढणी. मिटलेले ओठ. कानाशी हलणारं तिचं स्वतःचं तोंड.

"हे म्या म्हनून राह्यली?" तिने विचारलं.

"तुम्हाले याद नाही?"

"नाही वो." ती हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. "म्याच शिकवला न तिले ढावलो. रोज बसो आम्ही, भाकरी झाल्यावर. सारं धडाधडा म्हने. आत्याचं, मामीचं, भावाचं. हे ओळ आली का चूप. मले वाटे, याद राहत नाही. मग म्या म्हनो तिच्याआंधी. तशीच निंगाली असन माह्या तोंडातून त्या दिवशी."

"सवयीनं," मी म्हटलं. माझ्या मते मी तिला अवघडलेपणातून सोडवत होते.

"याद होती तिले, ताई. सारी याद होती." तिचा आवाज बारीक झाला. "पोटात ठेवलं, असं हाये न त्या ओळीत. म्या कुठं ठेवलं पोटात? तिनं कसं म्हनावं? खोटं नाही बोलत ते पोट्टी. लहानपनापासून नाही. मार खाल्ला पन खोटं नाही बोलली."

मला त्या मुलीचा रागच आला. एवढं काय खरेपणाचं, म्हणून टाकायची एक ओळ, कोणाचं काय बिघडणार होतं? आणि मी लावलेल्या करवल्या तशाच राहू दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असंही वाटलं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही म्हनान तर हे कापून टाकतो. आत्यापासून सुरू करतो."

"एक डाव पुरं लावा. न अडकता."

मी तेवढा तुकडा रेंडरला लावला. लाल रेघ हिरवी व्हायला वेळ लागत होता. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. मग झालं, आणि मी सुरू केलं. पहिल्यांदाच ते तिथे स्वच्छ आणि सलग, दोन्ही दिसलं. एक फ्रेम सुटली नाही.

मुलगी आली, गळ्यात पडली. दातांत ओढणी. आईने तोंड कानाशी नेलं आणि म्हटलं, याडी, तुनं मले पोटात ठेवलं. आणि मुलीची मान हलली. धक्के खाणाऱ्या चित्रात मला ते हुंदक्यासारखं दिसलं होतं, किंवा दिसलंच नव्हतं. आता दिसलं. मान खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. मिटलेल्या तोंडाने, आईच्या खांद्यावर, ती होकार देत होती.

मी थांबवलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पुढे आत्या आली, मामी आली, आणि ती पाहतच राहिली. मग दोन्ही हात तोंडावर ठेवून ती म्हणाली, "हो म्हनली. पाह्यलं का ताई? हो म्हनली ते."

मी पाहिलं होतं. मी तिला तसं सांगितलं.